टेबलाखालची पत्रे

“ते कसले सैनिक? तंबूत बसून पत्रे लावायचे. आणि त्यांतलीही दाबून ठेवली म्हणून चौकशी झाली होती त्यांची.”

हे विधान आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या चिटणीसांचे. फाटकाशी माजी सैनिकांच्या नावांची पाटी लागणार आहे, आणि गेल्या महिन्यात वारलेल्या माझ्या मित्राचे नाव तिच्यावर नको, असा त्यांचा आग्रह. एकाहत्तरच्या युद्धात आम्ही दोघे एकाच फौजी टपालघरात, शेजारशेजारच्या टेबलांवर होतो. तेव्हा वाचकहो, साक्ष माझी धरावी.

“आपण तेव्हा कुठे होता?” मी चिटणीसांना विचारले.

“माझा जन्म व्हायचा होता.”

“मग आता जरा ऐकून घ्या. आजवर न ऐकताच बोलत आला आहात.”

माणूस कसा होता, ते आधी सांगतो. वाईट बातमी तो आल्या आल्या कधीही देत नसे. “आधी चहा होऊ दे,” हे त्याचे पालुपद. एका सकाळी तो माझ्याकडे आला, शांतपणे दोन कप चहा प्यायला, माझाही संपू दिला आणि मग म्हणाला, “टाकी रिकामी आहे. वरच्यांनी बादल्या भरून घेतल्या.”

“हे आधी सांगता येत नव्हते?”

“सांगितले असते, तर चहा गोड लागला नसता तुला.”

त्या दिवशी मी स्वारगेटला बहिणीकडे जाऊन आंघोळ केली.

चौकशी झाली, हे खरे. मित्रासाठी मी खोटे बोलणार नाही. आमच्याकडे रीत अशी होती की, पडलेल्या जवानांची यादी आली की त्यांच्या नावे घरून आलेली पत्रे शेरा मारून त्याच दिवशी घरी परत धाडायची. घरी कळवणारी तार मात्र दुसऱ्या कचेरीतून निघे आणि त्या धामधुमीत रखडे. म्हणजे नवरा गेल्याचे बायकोला कळायचे ते तिच्याच पत्रावरच्या लाल शेऱ्यातून. हा गृहस्थ अशी पत्रे बिस्किटांच्या डब्यात घालून टेबलाखाली ठेवी आणि तार पोचल्याचे कळले की मगच रवाना करी. तपासणीला आलेल्या साहेबांना तो डबा सापडला.

“हे काय आहे?”

“साहेब, तार पोचायची आहे अजून.”

 त्यापायी दंडावरची हुद्द्याची फीत गेली, ती पुन्हा चढली नाही.

“म्हणजे दाबलीच की,” चिटणीस म्हणाले. “ती पुढे पोचली, याला पुरावा काय?”

पुरावा आहे. पायदळातला माझा थोरला भाऊ त्याच आघाडीवर पडला. ती यादी माझ्या शेजारच्या टेबलावर आली होती. त्याने मलाही चार दिवस काही सांगितले नाही, आणि त्याबद्दल मी वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. आमच्या घरी तार मंगळवारी आली. आईने भावाला लिहिलेले पत्र, न उघडलेले, शुक्रवारी परत आले.