मुन्नाडी की पिन्नाडी

आमची गाडी मुळात सासऱ्यांची. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले, राहायला मैलापूरला. वयोमानाने चालवणं सोडलं तेव्हा त्यांनी किल्ली लेकीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातात ठेवली. गाडी विकू या म्हटलं की ती अशी बघायची, जणू मी तिच्या वडलांनाच विकायला काढलंय.

गेल्या उन्हाळ्यात गाडीखाली तेल ठिबकू लागलं. मेकॅनिक म्हणाला, इंजिनाचं मागचं ऑइल सील गेलंय, नवं घेऊन या. मी ओरगडमच्या मोटार कारखान्यातला माणूस, त्यामुळे ऐटीतच स्पेअर पार्टच्या दुकानात शिरलो, गाडीचं नाव सांगितलं आणि मागचं सील मागितलं. दुकानदाराने फळीकडे हात नेता नेता विचारलं, "मुन्नाडी वंददा, पिन्नाडी वंददा?"

मी नगरचा, माझं तमिळ बसपुरतं. बसमध्ये मुन्नाडी म्हणजे पुढे, पिन्नाडी म्हणजे मागे. माणूस पुन्हा विचारून खात्री करतोय, चोख दिसतोय, असं वाटून मी ठणकावून सांगितलं, "पिन्नाडी!"

मेकॅनिकने ते बसवलं. दुसऱ्या दिवशी बायको गाडी घेऊन हमरस्त्याने दूर गुम्मिडिपूंडीला कामावर गेली. संध्याकाळी मी सासऱ्यांकडे कॉफी पीत तिची वाट बघत होतो. बोलता बोलता दुकानातली खरेदी रंगवून सांगितली, तर त्यांचा पेला हातातच राहिला.

"अय्यो! मुन्नाडी म्हणजे आधीसुद्धा हो. आधी आलेलं मॉडेल की नंतर आलेलं, असं विचारलं त्याने. आपली गाडी आधीची. नंतरच्या सीलचं भोक केसभर मोठं असतं."

मराठीत गेलेला काळ मागे असतो, तमिळमध्ये तो पुढे उभा असतो, हे मला कोणी सांगायचं? त्या केसभर फटीतून तेल वाहून गेलं, की इंजिन धावता धावता जाम होणार. आणि त्या रस्त्याला मागून कंटेनरचे ट्रेलर सुसाट येतात. फोन लावला. उचलेना. गाडी चालवताना ती फोन घेत नाही. या चांगल्या सवयीला मी त्या दिवशी मनातल्या मनात शिव्या घातल्या. पुन्हा लावला, पुन्हा लावला.

शेवटी तिचाच फोन आला. सासऱ्यांनीच तो माझ्या हातून घेऊन स्पीकरवर टाकला आणि कुठे आहेस म्हणून विचारलं.

"जळक्या तेलाचा वास आला अप्पा. पेट्रोल पंपावर गाडी बंद करून उभी आहे."

"तेलाचा तांबडा दिवा लागल्यावर थांबलीस?"

"अदुक्कु मुन्नाडीये, अप्पा."

सासरे मला अर्थ सांगायला वळले. पण 'त्याच्या आधीच' एवढं तमिळ मला आता कळलं होतं; मी तोवर फरशीवर बसून रडत होतो.