आईचा गाळा

रामकुंडावर आईचा दहावा झाला, त्या दिवशी लोक तिच्याबद्दल बोलत होते आणि अधूनमधून माझ्याबद्दलही. अशी लेक मिळायला नशीब लागतं, असं तीन-चार बायका म्हणाल्या. मी खाली बघून ऐकून घेतलं. त्यांना मी काही सांगितलं नाही, त्यानंतरही कुणाला नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझी आई पंचवटीत फुलं विकायची. वडील लवकर गेले, तेव्हापासून. पहाटे बाजारातून झेंडू-शेवंती आणायची, देवळाच्या वाटेवर गोणपाट टाकून बसायची, दिवसभर हार ओवायची. त्यातून मी शिकले, शाळेत मराठी शिकवू लागले. पुढे इंदिरानगरला फ्लॅट घेतला, तो मात्र कर्जावर. आई माझ्याबरोबर राहायला आली, पण पहाटेची रिक्षा काही सोडली नाही.

माझं कर्ज जरा वेगळ्या प्रकारचं होतं. कर्जाच्या खात्यातच आपली शिल्लक ठेवायची. जितकी शिल्लक, तितक्या रकमेवर व्याज लागत नाही. आणि ते पैसे आपलेच राहतात, चेक लिहून केव्हाही काढता येतात. आईकडे भिशीचे आणि दोन बांगड्या मोडून आलेले पैसे होते. डब्यात ठेवण्यापेक्षा माझ्या खात्यात ठेव, तुझे तुला मिळतील आणि माझं व्याजही वाचेल, असं मी म्हणाले. तिने डबा माझ्यापुढे उपडा केला. "मला काय कळतंय त्यातलं, बेबी. ठेव."

इथवर सगळं सरळ होतं. खरंच होतं का? – त्याआधीचं एक सांगायला हवं.

एका श्रावणी सोमवारी मी शाळेतल्या बायकांबरोबर कपालेश्वराला गेले होते. नेहमीच्या वाटेने न जाता वळसा घालून जाऊ, असं मी सुचवून पाहिलं, पण कुणी ऐकलं नाही. आमच्या मुख्याध्यापिकाबाई नेमक्या आईच्या पुढ्यात थांबल्या. हाराच्या भावावरून घासाघीस करू लागल्या. "देवाच्या दारात तरी लुटू नका हो!" आईने मान वर केली, त्यांच्या मागे मला पाहिलं. मी बाजूच्या प्रसादाच्या दुकानाकडे बघू लागले. तिने ओळख दाखवली नाही. "घ्या बाई, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली, वर दोन गुलाबही घातले. रात्री जेवताना तिने हा विषय काढला नाही. मला वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मला हायसं वाटलं होतं.

मग सिंहस्थाच्या तयारीत रस्ते रुंद झाले आणि आईची बसायची जागा गेली. मी तोंडाने हळहळले. मनात – मनात म्हटलं, सुटले. आता घरी राहील, पोथी ऐकेल, गॅलरीत तुळशी लावेल. माझी आई काय करते असं कुणी विचारलं, तर मला नुसतं 'घरीच असते' म्हणता येईल.

पण ती एका संध्याकाळी धापा टाकत जिने चढून आली. देवळामागच्या गल्लीतले म्हातारे शिंपी दुकान बंद करून मुलाकडे निघाले होते. त्यांचा गाळा अनामत देऊन मिळत होता, मात्र दसऱ्याच्या आत. दसऱ्याचा झेंडू तिथूनच विकायचा, हे तिने रस्त्यातच ठरवून टाकलं होतं. "वर पत्रा हाय, शटर हाय. फुलं भिजायची नायत आता. शटर ओढलं का मी शेठाणी!" आणि हसत तिने हात पुढे केला. "काढ माझे पैसे."

मी वह्या तपासत होते. लाल पेन हातात तसंच होतं. मी म्हणाले, "आई, ते कर्जात गेले. कर्ज फिटेपर्यंत निघत नाहीत."

"निघत नायत? माझे हायत ना पण?"

"तुझेच आहेत. बँकेचा नियम आहे."

तिने पुढे केलेला हात पदराला पुसला. "नियम हाय तर काय करणार," म्हणाली आणि भाकऱ्या टाकायला आत गेली.

तेव्हा मी स्वतःला काय काय सांगितलं! तिचं वय झालं, तिच्या कमरेला ते झेपणार नाही, व्याज वाढेल. सगळी कारणं खरी होती, पण त्यांपैकी एकाही कारणाने मी खोटं बोलले नव्हते. मला ती पुन्हा त्या रस्त्यावर नको होती. एवढंच.

गाळा एका मोबाईलवाल्याने घेतला. आणि आई घरी बसली – असं मला वाटलं होतं. पुढच्याच सोमवारी ती डोक्यावर पाटी घेऊन निघाली. बसायला जागा नाही, तर फिरून विकायचं. गल्लीबोळांतून, घाटाच्या पायऱ्यांवरून, "हार घ्या, फुलं घ्या" करत. साठी ओलांडलेली बाई. मी ओरडले तर म्हणाली, "तुझं कर्ज लवकर फिटायला नको? ते फिटलं का माझे पैसे निघतील."

दर शनिवारी ती चुरगळलेल्या नोटा सरळ करून माझ्या हातात द्यायची. "कर्जात घाल." आणि मी घालत होते. खरंच घालत होते. व्याज कमी कमी होत गेलं आणि मला त्याचा आनंद होत होता, हेही लिहून ठेवते. रात्री तिच्या टाचांच्या भेगांत कोकम तेल भरायचे. शेजारणी म्हणायच्या, किती करते आईचं.

एक वाक्य पुरलं असतं – आई, बँकेचा नियम बदलला. तिने शंकासुद्धा घेतली नसती. मग का नाही बोलले? सुरुवातीला तोच गाळ्याचा विषय नको म्हणून. नंतर ती इतकी चालली होती, की ते चालणं फुकट होतं हे माझं मलाच ऐकवत नव्हतं. असे दोन दसरे गेले. तिसऱ्याच्या थोडं आधी तिला दम लागू लागला.

दवाखान्यात भरती करताना पैसे मागितले. मी तिच्या खाटेशी उभी राहूनच चेक लिहिला. ती बघत होती.

"एवढे कुठले गं?"

"घराच्या खात्यातले." तोंडून निघून गेलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कळलं तिला. खरं सांगते, कळावं असंही क्षणभर वाटलं. पण तिचा चेहरा उजळला. "म्हंजे फिटलं? माझे निघाले?"

मी मान हलवली. हो.

यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पण त्या दुपारी ती खुशीत होती. शेजारच्या खाटेवर मखमलाबादकडची एक बाई होती, तिला आईने हाक मारली. "ओ ताई, माझ्या पोरीचं घर फिटलं! बरी झाले का आता गाळाच बघते एखादा."

त्या बाईने उशीवरून मान वळवून माझं अभिनंदन केलं. मी तिला थँक्यू म्हणाले.