शेवळाच्या जुडीबरोबरची काकडं

पाऊस जवळ आला की कामोठ्यात आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर एक बाई डोंगरातून शेवळं घेऊन येते. शेवळं म्हणजे जंगलात सावलीला जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. प्रत्येक जुडीबरोबर ती मूठभर काकडं देते. काकडाच्या झाडाची ही हिरवी, आंबट फळं. शेवळाला खाज असते, ती काकडाच्या रसाने जाते. हे मला आईने शिकवलं. मला मुलगी नाही. हे कुणाला द्यायचं, असं दरवर्षी ती भाजी चिरताना मनात यायचं.

मग सून आली. साताऱ्याकडची आहे. शेवळं तिने कधी पाहिली नव्हती. गेल्या वर्षी मी डोळे दाखवायला सीवूड्सला गेले होते, तेव्हा तिने मला न सांगता भाजी करून ठेवली. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "सुक्या कोळंबीचे सोडे घाल, मस्त लागते." त्याला खाण्यापुरतंच माहीत. काकडं कच्ची, निबर दिसली म्हणून तिने कचऱ्यात टाकली.

पहिल्या घासालाच घसा खवखवायला लागला. मुलगा पाणी प्यायला धावला. आमचे हे डोळे पुसत म्हणाले, "सूनबाई, मला गप्प बसवायचं होतं तर नुसतं सांगायचं, बसलो असतो की!"

सगळे हसले, पण तिचे डोळे भरून आले. "आई, मी परत या भाजीला हात लावणार नाही," म्हणाली.

मला खूप वाईट वाटलं. तिला जवळ घेऊन काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण मला वेळेवर शब्द सुचत नाहीत. मी सगळ्यांना खाज उतरायला गूळ दिला, तिला जरा मोठा खडा दिला.

पुढच्या आठवड्यात मी तिला घेऊनच कोपऱ्यावर गेले. म्हटलं, दोघी मिळून करू, म्हणजे भीती जाईल. बाईने जुडी दिली, काकडं दिली नाहीत.

"काकडं?" मी विचारलं.

"नाय ताई आता. मागल्या येळची एका उरल्या झाडाची होती, ती सरली. दगडाच्या खाणीला रस्ता काढला, त्यात आमच्या बाजूची झाडं गेली. ही शेवळं पन शेवटचीच समज."

"शेवळं का? ती तर जमिनीतून येतात ना?" सुनेने विचारलं.

"झाडाखाली येतात, बाय. सावली गेली, ऊन लागतंय. पावसात माती वाहून जाते नि कंद उघडा पडतो. काकड फुलला की मधमाश्या यायच्या, यंदा मध पन नाय. झऱ्याचं पानी लवकर आटलं."

आम्ही दोघी जुडी हातात धरून उभ्या राहिलो. इतकी वर्षं मी शेवळं आणि काकडं एकाच पिशवीतून घरी आणली. डोंगरातही ती एकमेकांच्या आधाराने राहतात हे कधी मनात आलं नव्हतं. आणि त्यांच्या आधाराने मधमाशी, माती, झरा, ती बाई, आमचं ताट. एक झाड गेलं आणि आमच्या घराचा एक पदार्थ जायला निघाला.

सूनच म्हणाली, "मावशी, त्याचं रोप मिळेल?"

"रोप कशाला? फांदी लाव. कुंपनाला लावतात तशी. जगली तर जगली."

दोन दिवसांनी बाईने मनगटाएवढी जाड फांदी आणून दिली. पाड्यामागे एक झाड उरलंय, त्याची. सोसायटीत विचारायला मला धीर होईना. सुनेने विचारलं. मागच्या भिंतीजवळची जागा मिळाली. "झाड लावताय की खांब?" असं वॉचमनने विचारलं, पण खड्डा त्यानेच खणून दिला.

पावसाळाभर सून कामावरून आली की आधी मागे डोकावायची. एके दिवशी पायातली चप्पल न काढता स्वयंपाकघरात आली आणि मला हाताला धरून घेऊन गेली. फांदीला तांबूस कोंब आला होता.

फळं धरायला काही वर्षं लागतील. यंदा बाईने जेमतेम एक जुडी आणली. सुनेनेच विळी घेतली, मी शिकवल्याप्रमाणे आतला पिवळा भाग काढून टाकला, काकडांऐवजी चिंचेचा कोळ घालून भाजी शिजवली. घसा खाजला नाही. ह्यांनी दोनदा मागून घेतली.

ती मात्र घास तोंडात घोळवत बसली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आई, काकडं हवी होती ना?"

काकडं घातलेली भाजी तिने अजून चाखलेलीच नाही. तरी मी मान हलवली, आणि तिच्या ताटात अजून थोडी वाढली.