विचारून बंद करणारे मामा

चपला स्वयंपाकघराबाहेर काढायच्या, जुन्या मशीनवर उजवा तळहात ठेवायचा आणि कुणाकडेही न बघता म्हणायचं, "बाई, बंद करून राहिलोय." मग मान जराशी तिरकी करून थांबायचं. आमच्या दुकानाचे फिटिंगवाले मामा नवीन वस्तू बसवायला ज्या घरी जात, तिथं आधी हे करत. थांबून झालं की ते म्हणत, "हाव म्हणल्या," आणि पिशवीतून पाना काढत. नाहीतर म्हणत, "न्हाई म्हणल्या," आणि चपला घालत.

कोण म्हणल्या, असं तुम्ही विचाराल. जिनं ते मशीन वापरलं, ती बाई. ती हयात असली तर अडचण नव्हती. मामा तिलाच हाक मारत, "या, तुमच्या हातानं बटण बंद करा." नायगावला एका म्हातारीनं आपला मिक्सर असा बंद केला आणि तोंडाला पदर लावून खाली बसली. मामा नवीन मिक्सरचा खोका तसाच ठेवून तिच्यापाशी ओट्याला टेकून बसले, तिचं रडून होईपर्यंत. पण बाई वारलेली असली तरी मामा विचारायचेच, आणि उत्तर आल्याशिवाय स्क्रूला हात लावायचे नाहीत.

आमचं दुकान लातूरला. मिक्सर, फ्रीज, शेगड्या, धुराच्या चिमण्या, पाण्याचे फिल्टर. नळाला पाणी कधी येईल याचा आमच्या गावात भरवसा नाही, पण फिल्टर घरोघरी पाहिजे. दुकान आमचे हे बघतात आणि ह्यांना मी बघते. मामा रोज सकाळी चाकूरहून बसनं यायचे. कानाच्या मागं टेस्टर, खांद्याला कापडी पिशवी. नवीन वस्तू चालू करून दाखवल्याशिवाय कुणाच्या घरचा चहा घ्यायचे नाहीत. काम इतकं चोख, की त्यांनी बसवलेल्या वस्तूची तक्रार कधी आली नाही. त्यांची स्वतःची मात्र यायची.

"तुमचा माणूस नवीन फ्रीज दारातून परत घेऊन गेला," असे फोन यायचे. मी मुळातच फटकळ. मामा दुकानात आले की सुरू व्हायची. "मामा, दुकान चालवायचंय का बंद करायचंय आमचं? मेलेल्या बायकांची परवानगी घेऊन कुठं धंदा होतो का?"

"वैनी, लई दिवस वापरलेलं अस्तंय त्यांनी," मामा शांतपणे म्हणायचे. "इचारावं लागतंय."

"आणि त्या बोलतात तुमच्याशी?"

"माझ्याशी कशाला बोलतील? मशीनपाशी बोलतेत. मी आपला ऐकून राहिलोय."

हसायचे सगळे. मीही हसायचे. पण एकदा मी स्वतः त्यांच्यासोबत गेले होते, आमच्याच गल्लीतल्या घरी. सासू वारून वर्ष होत आलेलं, सुनेला मोठा फ्रीज पाहिजे होता. मामांनी हात ठेवला, थांबले, म्हणाले, "हाव म्हणल्या. पण मागं वाटीत इरजण हाय, ते सांडू नका म्हणल्या." सून म्हणाली, "आमच्यात दही कोणी लावत नाही, आम्ही पाकिटातलं आणतो." फ्रीज रिकामा करताना अगदी मागं, बर्फाच्या कप्प्याखाली, स्टीलची वाटी निघाली. दही ताजं होतं. सुनेनं ती वाटी माझ्याकडे धरली, मी मामांकडे दिली आणि मामांनी ती नवीन फ्रीजमध्ये पहिली ठेवली.

शिरूर अनंतपाळला मात्र आम्ही मामांचं ऐकलं नाही. ते "न्हाई म्हणल्या" म्हणून परत आले, तिथल्या वारलेल्या बाईचा मुलगा फोनवर चिडला आणि मी दुसरा माणूस पाठवून फ्रीज बसवून दिला. जुना त्यांनी पडवीत ढकलला. पुढं ऐन वैशाखात नव्याचं दार नीट लागत नाही म्हणून आमचे हे बघायला गेले. घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी त्यांना पाणी दिलं, पडवीतल्या जुन्या फ्रीजमधून बाटली काढून. "मी ह्यातलंच पितो," म्हणाले. पाणी इतकं गार की ह्यांचे दात शिवशिवले. बाटली परत ठेवायला हे उठले तेव्हा त्यांना फ्रीजची पाठ दिसली. वायर मुळापासून कापलेली होती, ती मुलानं पाण्याच्या मोटारीला लावली होती. घरी आल्यावर ह्यांनी मला हे सांगितलं तेव्हा ते सारखे हात पुसत होते. त्या दिवसापासून दुकानात मामांना कोणी हसलं नाही.

आता माझं सांगते. माझ्या स्वयंपाकघरात एक जुना मिक्सर होता, माझ्या सासूबाईंचा. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंचा येसर आख्ख्या भावकीत नावाजलेला. येसर म्हणजे धान्यं, डाळी, खोबरं, मसाले वेगवेगळे भाजून केलेली पूड. तिची आमटी आमच्याकडं लग्नाच्या पंगतीला लागतेच. गावात कुणाचंही लग्न असो, येसर आत्याबाईंकडून. आणि तो करायला बसल्या की त्या स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. मला आत घ्यायच्या नाहीत. मी बाहेर दाराशी, कधी गहू निवडत, कधी नुसतीच कान लावून. आतून मिक्सर ऐकू यायचा, त्यांचा मिरचीचा ठसका ऐकू यायचा आणि झाकण दाबून धरलेल्या हातातल्या बांगड्या भांड्यावर वाजायच्या. माझं सगळं सूनपण त्या दाराबाहेर गेलं असं म्हटलं तरी चालेल. आमचं फारसं जमलं नाही. दोघीही तोंडाच्या तिखट.

त्या गेल्या एकाएकी. दुपारी जेवल्या, आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. येसर त्यांच्याबरोबर गेला.

त्यांचे दिवस झाल्यावर मी मामांना म्हटलं, एक नवीन मिक्सर घेऊन घरी या. मालकिणीच्या घरात जुनं धूड कशाला? मामा आले, चपला काढल्या, हात ठेवला. बराच वेळ थांबले.

"न्हाई म्हणल्या."

"मामा, माझ्यासमोर नाटकं नकोत. बसवा."

"वैनी, तुमी म्हणाल तर दुसऱ्याला बोलवा. मी न्हाई काढत."

शिरूरचं पाणी मला आठवलं. नवीन मिक्सरचा खोका माळ्यावर गेला. मामा दर काही महिन्यांनी यायचे, विचारायचे, तिरकी मान करून ऐकायचे आणि तेच सांगायचे. मला वाटायचं, मेल्यावरही ही बाई मला माझ्या ओट्यावर राज्य करू देत नाही. तसं मी मोठ्यानं बोललेही, मिक्सरकडे बघून.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. ती आजीच्या मांडीवर वाढलेली. मुहूर्त निघण्याआधीच तिनं मला सांगितलं, "आई, पंगतीला येसराची आमटी आजीचीच पाहिजे. बाजारची वाढलीस तर मी पानावरून उठेन." हसत म्हणाली, पण डोळे भरलेले होते. आणि मला कळलं की हे मला जमलं नाही तर तिच्या लग्नात तिची आजी नसेल. माझ्यावर तर तिचा निम्माच जीव, निम्मा आजीवर.

मी येसर करायला घेतला. भावकीतल्या बायकांना विचारलं, प्रत्येकीनं वेगळं सांगितलं. गहू, हरभऱ्याची डाळ, ज्वारी, धने, दगडफूल, सगळं मन लावून भाजलं. मिक्सरवर फिरवलं. पूड दिसायची तशीच, वासही जवळपास तोच. आमटी केली की मुलगी एक घास घ्यायची आणि वाटी बाजूला ठेवायची. "छान आहे," म्हणायची. मला रडू यायचं. पुन्हा भाजायचं, पुन्हा तेच. लग्न तोंडावर आलं.

मामा पत्रिका घ्यायला घरी आले तेव्हा मी ओट्यापाशी भाजलेल्या धान्याच्या परातीसमोर हताश बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मिक्सरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आत्याबाई करायच्या तवा तुमी कुठं असायच्या?"

"दाराबाहेर. आत येऊ देत नव्हत्या."

"मग आज बी भाईरच थांबा," मामा म्हणाले. "आन् मी म्हणल्याबिगर दार उघडू नगा."

मी बाहेर आले. मामांनी दार लावलं. भर दुपार होती, गल्लीत भाजीवाला ओरडत होता. आधी कढईत उलथनं फिरल्याचा आवाज आला. मला नवल वाटलं, भाजून तर मी सगळंच ठेवलं होतं. मग मिक्सर. जरा फिरवला, थांबला. जरा फिरवला, थांबला. मग चमच्यानं झाकणावर टकटक. मग लांबलचक. तो आवाज मी इतकी वर्षं ऐकला होता की माझे हात आपोआप गहू निवडल्यासारखे हलायला लागले. मग ठसका आला. मामांचा नव्हता. बारीक, बाईमाणसाचा, पदरात दाबलेला. आणि भांड्यावर बांगड्या वाजल्या.

मामांनी सांगेपर्यंत मी थांबले नाही. दार ढकललं. मामा ओट्यापासून लांब, खिडकीशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागं. मिक्सर नुकताच थांबला होता, भांडं माझ्या हाताला गरम लागलं. शेगडीवर छोटी कढई होती, तिच्या तळाला चार दाणे चिकटलेले. मी ते नखानं काढून बघितले. बाजरी. भोगीच्या भाकरीसाठी आणलेल्या बाजरीचा डबा ओट्यावर उघडा होता.

आम्ही ज्वारी खाणारी माणसं. येसरात ज्वारीच पडणार हे आम्ही धरूनच चाललो होतो, भावकीतली एक बाई दुसरं काही म्हणाली नव्हती. पण आत्याबाईंचं माहेर बीडकडचं. तिकडं बाजरी. हे मला माहीत होतं आणि एकदाही सुचलं नव्हतं.

"मामा, तुम्ही फिरवलात?"

"बटण मी दाबलं," मामा म्हणाले. "बाकीचं मला ठाव न्हाई, वैनी."

मी ती पूड जिभेला लावली आणि तिथंच ओट्याला धरून रडले. मामा बाहेर जाऊन पायरीवर बसले.

लग्नात मुलीनं पहिला घास घेतला आणि हात तसाच पानावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग सगळी वाटी प्यायली, दुसरी मागितली. मामा पंगतीत शेवटच्या रांगेत होते. जाताना मला म्हणाले, "आता लेकीला वाटं लावा. मग फुरसतीनं येतो आन् पुन्यांदा इचारतो. मला वाटतंय, आता हाव म्हणतील."

ते आले नाहीत. चाकूरहून निरोप आला, मामा सकाळी बससाठी निघाले आणि स्वतःच्याच उंबऱ्यात बसले ते बसलेच. आम्ही दुकान बंद ठेवून गेलो. त्यांच्या बायकोनं मला त्यांची कापडी पिशवी दाखवली. भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती, पाना आत, टेस्टर आत. मी तिचा हात धरून बसले.

मुलगी पहिल्यांदा माहेरपणाला आली तेव्हा जाताना म्हणाली, "आई, तो मिक्सर मला दे. येसर मी करीन आता, बाजरी घालून." मी हो म्हटलं. दुकानातल्या नवीन फिटरला बोलावलं, माळ्यावरचा खोका काढायला लावला. पोरगा कामाचा, पण घाईचा. चपला घालूनच आत आला आणि सरळ बोर्डातल्या पिनेला हात घातला.

"थांब," मी म्हटलं. "चपला काढ."

तो गोंधळला, पण त्यानं काढल्या. मी मिक्सरवर उजवा हात ठेवला. मामांसारखं बोलायला मला लाज वाटत होती, पण बोलले. "आत्याबाई, बंद करून राहिलेय. तुमच्या नातीकडं देतेय."

आणि थांबले. मान कधी तिरकी झाली ते मलाही कळलं नाही. घरात सगळं शांत होतं. मुलगी दारात उभी होती. आत्याबाईंचा आवाज मला आला नाही, खोटं कशाला सांगू? ना ठसका, ना बांगड्या. मला वाटलं, मला कसं ऐकू येईल, मी काय मामा आहे? हात काढणार तेवढ्यात खिडकीपाशी, त्या दिवशी ते उभे होते तिथून, हळू आवाजात, कामातल्या माणसानं सांगावं तसं कोणीतरी बोललं.

"हाव म्हणल्या."

"काही म्हणालात का मॅडम?" फिटरनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि बटण माझ्या हातानं बंद केलं.