टेबलावरच ठेवा

माझ्या थोरल्या भावाचा मला काडीचा भरवसा नव्हता. वाचनालयात शिडीवर चढून वरच्या फळ्यांवरची पुस्तकं काढून द्यायची, एवढंच त्याचं काम. सगळे त्याला शिडीदादाच म्हणायचे. पण नोकरी लागली आणि हा गडी घरी यायचाच बंद झाला. तिथेच मागच्या खोलीत राहतो म्हणे! माझ्या लग्नाला आला नाही. आई आजारी पडली, त्याची वाट बघत गेली, तरी आला नाही. निरोप काय, तर “मला फाटक सोडत नाही.” मी म्हटलं, बहाणा तरी धड शोधायचा! आत कोणीतरी बाई असणार, अशी माझी खात्रीच होती.

त्यात माझी लेक अभ्यासाला तिथे जायला लागली. पोरगी मुळात पसाऱ्याची. टॉवेल पलंगावर, कप खिडकीत, चपला चार दिशांना. आवरून आवरून माझा जीव जायचा. एक दिवस म्हणते, “मामा किती छान आहे! म्हणतो, पुस्तक उघडंच टाकून जा. जागेवर ठेवलंस तर बघ!”

माझं डोकंच फिरलं. पोरीला बिघडवून याला काय मिळतं? लेकीला घरी बसवून तडक गेले.

दारातच पाटी होती : ‘वाचलेली पुस्तकं टेबलावरच ठेवावीत.’ झाडूवाली म्हणाली, “ताई, हात मागे घ्या.” मी काय चोर दिसते? कोपऱ्यातला बाइंडर खळीचा ब्रश तसाच धरून माझ्या हातांकडे टक लावून बघत होता. इथे नक्की काहीतरी शिजत होतं.

लेकीच्या टेबलावर पुस्तक उपडं पडलेलं. समोरच्या फळीत त्याची फट. आईनं आम्हा भावंडांना एकच वळण लावलं होतं, वस्तू जागच्या जागी. मी पुस्तक उचललं, तोच दादा शिडीवरून ओरडला, “ठेवू नकोस!”

इतका घाबरला म्हणजे पुस्तकात काहीतरी लपवलेलं असणार. मी पानं झटकली. काहीच पडलं नाही. मग रागारागानं ते फटीत खुपसलं. बाकावरची माणसं सरकावीत तशी शेजारची पुस्तकं आपसूक सरकली.

दादा उतरला आणि फरशीवरच बसला. “झालं. इथे ज्याच्या हातानं पुस्तक जागेवर जातं, तो इथलाच होतो. मीही असंच ठेवलं होतं.” बाइंडर तर म्हणे नुसता पत्ता विचारायला आला होता.

“थापा पुरे!” म्हणत मी निघाले. फाटक ओलांडलं, तर पुन्हा शिडीपाशीच उभी! परत गेले, परत तिथेच. धावले, रडले, फाटकाला लाथा घातल्या.

“आई गेली तेव्हा?” मी विचारलं.

“दिवसभर हेच करत होतो,” दादा म्हणाला.

मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी लेक शोधत आली. मी सगळं सांगितलं. तिनं डोळे बारीक केले, अगदी माझ्यासारखे. “मामाची थाप तूही उचललीस? आम्हाला सोडायचंच होतं तर सरळ सांगायचं ना!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तावातावानं तिनं समोरचं पुस्तक उचललं आणि फळीकडे वळली. “मीच ठेवते. बघू काय होतं!”

समजावायला वेळच नव्हता. मी ओरडले, “ठेव, ठेव! जन्मात एकदा तरी काही आवर! बापाचं घर उकिरडा करून ठेवलंस!”

ती थबकली. पुस्तक टेबलावर आपटलं, खुर्ची पाडली. “तूच आवर! पुन्हा तोंड नाही बघणार तुझं!” आणि निघाली. फाटकानं तिला मुकाट जाऊ दिलं.

दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आईनंही त्याच्यावर असाच राग धरून डोळे मिटले होते.

“येईल गं उद्या,” तो म्हणाला.

“न येवो,” मी म्हटलं, आणि ढसाढसा रडले. खुर्ची तशीच पडून आहे. मी उचलत नाही.