एल्ट्योचे कान आणि तपकिरी पडलेली सीडी

एल्ट्यो विएर्सेमा कशाला घाबरत नाही, असं त्याच्या गावात कुणीही सांगितलं असतं. चर्चमधल्या खोलीएवढ्या ऑर्गनच्या पोटात शिरायचं, डुगडुगत्या फळीवर उभं राहून एकेक नळी सुरात लावायची, हा त्याचा धंदा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या उत्तरेला त्यानं हात लावला नाही असा ऑर्गन सापडणं कठीण. जमिनीतला गॅस उपसून उपसून घरं हादरायला लागली, भिंतींना तडे गेले, तेव्हाही हा गडी म्हणाला होता, "हादरू दे. सूर हलला नाही म्हणजे झालं." आणि आता हाच माणूस घाबरला होता, ते कपाटातल्या सीडींपायी.

सीडी भिंतभर होत्या, आणि सगळ्या ऑर्गनच्याच. छपराच्या दुरुस्तीसाठी निधी जमवायला गावोगावच्या चर्चवाल्यांनी स्वस्तात काढलेल्या. स्वस्तातल्या वस्तू त्या, आता कडेनं तपकिरी पडायला लागल्या होत्या. तपकिरी आत सरकली की सुरांऐवजी तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा तडतडाट ऐकू येई. गावातल्या ऑर्गनच्या सीडीलाही हा रोग लागला होता. चर्चची भिंत फाटल्यापासून तो ऑर्गन सुटा करून खोक्यांत भरून एका गोठ्यात ठेवलेला. ईस्टरनंतर तो पुन्हा उभा राहायचा होता आणि त्याला जुन्या आवाजात लावायचं काम एल्ट्योकडे होतं. तो जुना आवाज उरला होता फक्त त्या सीडीवर.

म्हणून रविवारी त्याची मुलगी गेस्के कॉम्प्युटर घेऊन आली.

"सगळ्या कॉम्प्युटरवर चढवू," ती म्हणाली. "पण कशात, ते तू ठरव, बाबा. एमपीथ्री केल्या तर अख्खं कपाट तुझ्या खिशात मावेल. फ्लॅकमध्ये केल्या तर सीडीवर आहे ते जसंच्या तसं राहील, पण जागा फार खाईल."

"एमपीथ्रीत काय जातं?"

"कानाला कळत नाही तेवढं काढून टाकतात, म्हणे."

"कुणाच्या कानाला?"

"तुझ्या नाही रे! शेजाऱ्याचा फ्रीज बेसूर झाला तर तुला इथे बसून कळतं."

एल्ट्योनं हसायला हवं होतं. तो सीडींच्या कडा निरखत बसला.

हिवाळ्यापासून कानांचं काही खरं नव्हतं. पॉप्को त्याचा जुना जोडीदार. पॉप्कोनं बाहेर बसून पट्टी दाबायची, एल्ट्योनं आत नळी लावायची, अशी त्यांची कामाची रीत. एका चर्चमध्ये सगळ्यांत उंच सुराच्या बारीक नळ्यांवर काम चाललेलं असताना पॉप्को ओरडला होता, "ती वरची अजून ओढतेय, सुरात बसली नाही!"

"बसली ती."

"अरे, ओढतेय म्हणतो ना! कान घरी ठेवून आलास का?"

सर्दी झालीय, असं सांगून एल्ट्योनं वेळ मारून नेली. मग पॉप्को गप्प होईपर्यंत अंदाजानं नळी ठोकत राहिला. तेव्हापासून रोज सकाळी तो खिडकीपाशी उभा राही. बाहेरच्या झुडपात अंगठ्याएवढे पक्षी चोची उघडत, मिटत, आणि त्याला काहीच ऐकू येत नसे. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. कान गेले तर आपण म्हणजे नुसता शिडी चढणारा म्हातारा, असं त्याला वाटायचं.

"चल, परीक्षाच घेते," गेस्के म्हणाली. "माझ्याकडे पाठ कर. एक तुकडा दोनदा लावते. फ्लॅक कुठला ते ओळख."

नाही म्हणायला कारण सुचेना. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. गावातला ऑर्गन वाजला, सगळ्या बारीक नळ्या उघडलेल्या. थांबला. पुन्हा वाजला. एल्ट्योनं कानांत जीव आणून ऐकलं. दोन्ही वेळा तेच, तितकंच, तसंच.

"दुसरा," तो म्हणाला. अभ्यास न केलेल्या पोरानं ठोकून द्यावं तसं.

मागे गेस्केची खुर्ची करकरली.

"अरे वा, बाबा! अगदी बरोबर! काय कान आहेत तुझे!"

आता त्या मुलखात असं कुणी बोलत नाही. तिथे जीव ओवाळून टाकावा असं काही घडलं, तर माणसं "वाईट नाही" म्हणतात आणि कामाला लागतात. गेस्के पदवी घेऊन आली तेव्हा बापानं "वाईट नाही" म्हटलं होतं, आणि ती वर्षभर त्यावर खूश होती. स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला याच पोरीनं त्याला सांगितलं होतं, "बाबा, कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास मारतोय." ती आज अरे वा म्हणत होती.

तो वळला. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"कुठला होता, गेस्के?"

"सांगितलं ना, बरोबर ओळखलंस."

"तुझ्या आईनं तोंडावर सांगितलं असतं."

गेस्केनं कॉफीचा कप उगाच सरकवला. "पहिला," ती म्हणाली.

"फरक मोठा आहे?"

"दुसऱ्यात वरच्या नळ्या पाण्यात बुडाल्यासारख्या वाटतात. मला कळलं, बाबा, आणि मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही."

एल्ट्यो खुर्चीत बसला. हिवाळ्यापासून किती चर्चं आपण बेसूर करून ठेवली, हे मनात आलं आणि मोजायचा धीर होईना. मग त्याहून वाईट विचार आला. एमपीथ्रीच करू. सीडी काय, आज ना उद्या जाणारच. वरचा आवाज कुठेच उरला नाही, तर ईस्टरनंतर मी कसाही लावला तरी ताडून बघणार कशाशी? कुणाला कळायचंही नाही. हे इतकं सोपं होतं की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"फ्लॅक," तो घाईघाईनं म्हणाला. "सगळ्या फ्लॅकमध्ये कर. आपल्या गावची आधी. आणि एक प्रत तुझ्याकडे ने."

"तुला ऐकू येत नाही तरी?"

"मला ऐकू येत नाही तेच नीट ठेवायचंय. आणि पॉप्कोला फोन लाव, आत्ता. नंतर माझी हिंमत व्हायची नाही."

गेस्केनं फोन लावून त्याच्या हातात दिला. "पॉप्को, ती वरची ओढत होती," तो म्हणाला. "मला सर्दीबिर्दी काही नव्हती. माझे कान गेलेत. ईस्टरनंतर आत कुणी तरुण पाठव. मी बाहेर बसून पट्ट्या दाबीन. आणि हिवाळ्यापासूनची सगळी चर्चं पुन्हा करावी लागतील."

पलीकडे पॉप्को इतका वेळ गप्प राहिला की, आता हेही ऐकू येईनासं झालं की काय, असं एल्ट्योला वाटलं. त्यानं फोन कानावर आणखी दाबून धरला.

"वाईट नाही," पॉप्को म्हणाला.