मी न वापरलेला दशांश

दोन हजारनंतरची ती पहिली वर्षं. अंबडच्या एका छोट्या कंपनीत आम्ही विजेच्या मोटारी तपासायचं यंत्र बनवत होतो. त्याच्या सर्किट बोर्डवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालायची. सेन्सरचे आकडे आत घेणारं मॉड्यूल मी लिहिलं होतं. ते चालायचं थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात. मोटार सुरू केली की बोर्ड जागच्या जागी बंद पडायचा आणि पडद्यावर तक्रार यायची, की कर्नलमध्ये कुणीतरी प्रोसेसरला दशांशाच्या आकडेमोडीची सूचना दिली.

तिथे त्याला मनाई असते. दशांशांच्या हिशेबासाठी प्रोसेसरमध्ये वेगळे कप्पे असतात. त्यांत दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामचा हिशेब अर्धवट पडलेला असू शकतो, म्हणून कर्नलने त्यांना हात लावायचा नाही.

"पण मी दशांश वापरलाच नाहीये," मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हटलं. आम्ही दोघी एकदमच नोकरीला लागलो होतो. तिने माझा कोड पहिल्यापासून वाचला.

"खरंच नाहीये गं. मग वापरतंय कोण?"

उरला कंपायलर, आमच्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. त्याने बनवलेल्या सूचना आम्ही छापून घेतल्या आणि बोर्ड जिथे बंद पडला होता ती ओळ शोधत गेलो. मैत्रिणीचं बोट एका जागी थांबलं.

"हे बघ. हा दशांशाचा कप्पा."

तिथे मी सेन्सरची एक नोंद इकडून तिकडे हलवली होती, बस्स. नोंद आठ बाइटची. साधे कप्पे चार बाइटचे, म्हणजे दोन खेपा. दशांशाचे आठ बाइटचे. कंपायलरने मोठं भांडं हाताशी आहे हे पाहून एका खेपेत काम उरकलं होतं. हिशेब काहीच केला नव्हता.

कर्नलमध्ये ते कप्पे वापरू नकोस, असं त्याला आधी सांगावं लागतं. कंपायलरने काय कसं करायचं ते सांगणाऱ्या माझ्या बिल्डच्या फाइलमध्ये तेवढंच राहिलं होतं. ते घातलं, मोटार सुरू केली. ती फिरत राहिली, आकडे येत राहिले.

मी मात्र ते छापील कागद सोडून उठू शकले नाही. माझ्या कोडमधली कधीच खरी न ठरणारी एक अट कंपायलरने गाळून टाकली होती. त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा एक लूप उलगडून सरळ केला होता. तो कंपायलर लिहिणाऱ्या, ज्यांना मी कधी भेटणार नव्हते अशा माणसांनी हे सगळं आधीच विचारात घेऊन ठेवलं होतं, आणि ते माझ्या चार ओळींसाठीही तितक्याच निगुतीने राबत होतं.

"चहाला येतेस ना?" मैत्रिणीने विचारलं.

"एवढं पान बघू दे."

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.